ट्रेलरवरून बोट पाण्यात, एकटीने

बोट पाण्यात सोडायला दोन माणसं लागतात असं सगळेच सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. एक जण गाडी मागे घेतो, दुसरा दोर धरून उभा राहतो. पण नीट बघितलं तर तो दुसरा माणूस बहुतेक वेळ काहीच हलवत नसतो, नुसता धरून असतो. माझी बहीण दुसरीकडे राहायला गेली आणि मला बोट घेऊन एकटीने जायची वेळ आली, तेव्हा मी आधी हाच विचार केला. धरायचं काम माणसानेच करायला हवं असं नाही. दोर करू शकतो, हँडब्रेक करू शकतो, चाकामागचा ठोकळा करू शकतो. मात्र एक नियम पाळायला हवा: कुठल्याही क्षणी बोट कशाला तरी बांधलेली असलीच पाहिजे. पुढचं बंधन लागल्याशिवाय आधीचं सोडायचं नाही. पुढे जे काही सांगते आहे ते सगळं याच नियमातून आलेलं आहे.

माझी बोट साधी आहे. साधारण ५ मीटर लांब, ॲल्युमिनियमची, मागे बाहेरून बसवलेलं आउटबोर्ड इंजिन. ट्रेलरला रोलर नाहीत. गालिचा चढवलेल्या दोन लांब लाकडी पट्ट्यांवर बोट बसते, त्यांना बंक म्हणतात. हा फरक महत्त्वाचा आहे. रोलरच्या ट्रेलरवरून बोट सहज घरंगळते, अगदी पाणी लागायच्या आधीही. बंकवर ती गालिच्याला घट्ट धरून बसते आणि बऱ्यापैकी पाणी खाली आल्याशिवाय हलत नाही. एकटीला बंकच बरे असं माझं मत आहे. थोडी जास्त खोल जावं लागतं, पण बोट आपल्या वेळेला सुटते, तिच्या वेळेला नाही.

रॅम्पपाशी, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या उताराशी, पोचले की गाडी आधी बाजूला लावते आणि चालत पाण्यापर्यंत जाते. उतार किती आहे ते बघते. बोटीचे रॅम्प साधारणपणे १२ ते १५ टक्के उताराचे बांधतात, म्हणजे १० मीटर लांबीत सव्वा ते दीड मीटर खाली. त्याहून सपाट असेल तर बोट तरंगायच्या आत गाडीचीच चाकं पाण्यात जातात. मग शेवाळ कुठून सुरू होतं ते बुटाच्या टाचेने घासून बघते, कारण गाडीची मागची चाकं त्याच्या वर कोरड्यात थांबायला हवीत. भरती-ओहोटीचं पाणी असेल तर पाणी चढतंय की उतरतंय हे आधी माहीत करून घेते. ओहोटीच्या तळाला शेवाळाचा पट्टा सगळ्यात रुंद असतो. आणि काँक्रीट कुठे संपतं हेही बघायचं. इंजिन जोरात चालवून बोट ट्रेलरवर चढवायची अनेकांना सवय असते. पंख्याचा तो झोत काँक्रीटच्या टोकापलीकडची माती उकरून काढतो आणि तिथे पाण्याखाली खड्डा तयार होतो. ट्रेलरचं चाक त्यात गेलं की धुरा काँक्रीटच्या कडेला अडकतो आणि ट्रेलर पुढे येत नाही. पाणी गढूळ असेल तर मी लांब काठीने चाचपून बघते.

वाऱ्याचा अंदाज बांधलेल्या बोटींकडे बघून येतो. एकाच दोरावर नांगरलेली बोट वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे तोंड करून उभी असते. जेटीच्या दिशेने ढकलणारा हलका वारा मला सगळ्यात सोयीचा, कारण बोट आपोआप फेंडरवर, म्हणजे बाजूला लटकवलेल्या मऊ उशीवर, येऊन टेकते. जेटीपासून दूर नेणारा वारा असला तरी चालतं, दोर ताणात राहतात एवढंच. रॅम्पला आडवा जोरदार वारा असेल आणि जवळ जेटी नसेल, तर मी वाट बघते. कधी परतही जाते. एकटीने निघायचं तर तेवढी तयारी मनात असू द्यावी.

बाकीची तयारी रॅम्पवर नाही, बाजूच्या मोकळ्या जागेत करायची. रॅम्पवर उभं राहून सामान चढवणं म्हणजे मागे थांबलेल्या सगळ्यांचा वेळ घेणं. सगळ्यात आधी बोटीच्या मागच्या बाजूचं बूच. बोट ट्रेलरवर असताना आतलं पाणी निघून जावं म्हणून ते काढलेलं असतं. ते हाताने घट्ट बसवते आणि मग पुन्हा एकदा चाचपते. त्यानंतर मागचे पट्टे, इंजिनाचा आधाराचा दांडा, बॅटरीचा स्विच, पेट्रोलची नळी, लाइफ जॅकेट, वल्ही. दिव्यांची वायर गाडीपासून काढून ठेवते. जुन्या पद्धतीचे तापलेले बल्ब थंड पाण्यात तडकतात, आणि एलईडी असले तरी जोडणीत पाणी जाऊन ती गंजते. या कामांमध्ये चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग असलेले मधले भाग, तेही निवतात. लांबून आल्यावर बेअरिंग तापलेली असते. तसाच हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसमध्ये पाणी गेलं की बेअरिंगचं आयुष्य संपलं. हबला हात लावून बघते. हात आरामात टेकवता आला तरच पुढे जायचं.

आता काय काढायचं नाही ते. पुढचा विंचचा (हँडल फिरवून बोट ओढून घ्यायच्या चरखीचा) पट्टा आणि त्याच्या जोडीची सुरक्षेची साखळी या दोन्ही गोष्टी पाणी लागेपर्यंत जागेवर राहतात. वेळ वाचावा म्हणून वरच त्या सोडणारे लोक मी पाहिले आहेत. उतारावर गाडीने जरा झटका खाल्ला की बोट थेट काँक्रीटवर येऊ शकते, विशेषतः रोलरच्या ट्रेलरवरून.

दोरही इथेच लावते. दोन दोर, प्रत्येकी बोटीच्या दुपटीहून जरा लांब आणि १२ मिलिमीटर जाड. त्याहून बारीक दोर ओल्या हाताला कापतो. एक पुढच्या टोकाला आणि दुसरा बोटीच्या मध्यावरच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंट्याला. मागचा दोर नंतर लागतो, आत्ता नाही. मधला दोर हा एकट्या माणसाचा खरा साथीदार. पुढचं टोक ओढलं तर मागचा भाग बाहेर फिरतो, मागचा ओढला तर पुढचं टोक फिरतं. मधून ओढलं की अख्खी बोट आडवी सरकत जवळ येते. नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो, पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो. तरंगणारा दोर सहज हाती लागतो, पण तसाच सहज पंख्यातही जातो, म्हणून मी नायलॉनचाच वापरते. दोन्ही दोर रेलिंगच्या बाहेरून घेऊन बोटीच्या पुढच्या भागात सैल वेटोळ्यात ठेवते, वरचा वेढा आधी सुटेल असे. जेटीकडच्या बाजूला फेंडर लटकवते.

मग गाडी मागे घेणं. याची धास्ती अनेकांना असते, मलाही होती, आणि ती गेली ती मोकळ्या मैदानात सराव करूनच. हात स्टेअरिंगच्या अगदी तळाशी धरायचा. ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे हवं असेल तर हात डावीकडे, उजवीकडे हवं तर उजवीकडे. डोक्यात उलटसुलट हिशोब करावा लागत नाही. ट्रेलर वळायला लागला की लगेच हात परत आणायचा, कारण वळण एकदा सुरू झालं की ते आपोआप वाढत जातं. छोटा ट्रेलर फार पटकन वळतो; लांब ट्रेलर उशिरा प्रतिसाद देतो, पण त्याला सांभाळणं सोपं. वळण हाताबाहेर चाललं तर त्याला मागे जाता जाता सुधारायच्या फंदात मी पडत नाही. थांबते, थोडी पुढे जाते, गाडी आणि ट्रेलर एका रेषेत आणते आणि पुन्हा सुरू करते. दोन्ही आरशांत ट्रेलरचं चाक सारखंच दिसत असेल तर आपण सरळ आहोत. खिडक्या उघड्या, गाणी बंद, सीटबेल्ट काढलेला. गाडी पाण्यात घसरलीच तर बाहेर पडता यायला हवं.

ट्रेलरची चाकं पाण्यात जातात आणि बोटीच्या मागच्या भागाखाली पाणी येतं. इथे अगदी सावकाश. माझ्या ट्रेलरवर चाकांवरचे मडगार्ड पाण्याच्या पातळीला आले की बोटीचा मागचा भाग उचलायला लागतो. तुमच्या ट्रेलरवर ही खूण वेगळी असेल. ती एकदा सापडली की मडगार्डवर किंवा विंचच्या खांबावर रंगाची रेघ मारून ठेवावी.

थांबण्याचाही क्रम आहे. ब्रेकवर पाय, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, मग पाय हळूच उचलायचा, म्हणजे गाडी आणि ट्रेलरचा सगळा भार हँडब्रेकवर येतो. गाडी थोडी बसते, ते जाणवतं. त्यानंतर गिअर टाकायचा, किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये घालायचं. उलट क्रमाने केलं तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिळीवर येतं. इंजिन बंद, किल्ली खिशात. उतरून आधी मागच्या चाकांमागे ठोकळे लावते. दोन्ही ठोकळ्यांना दोरी बांधून ती गाडीच्या मागच्या हुकाला अडकवलेली आहे, म्हणजे नंतर गाडी पुढे गेली की ठोकळे मागोमाग ओढले जातात आणि एकटीला ते उचलायला पुन्हा उतरावं लागत नाही. लाइफ जॅकेट याच वेळी अंगात घालते. ओल्या रॅम्पवर पाय घसरून डोकं आपटण्याची शक्यता भर पाण्यातल्यापेक्षा जास्त, आणि एकटं असताना ओढून काढायला कोणी नसतं.

बोट अजून पट्ट्याने आणि साखळीने बांधलेली आहे. आता मी बोटीत चढून इंजिन खाली सोडते आणि सुरू करते. पाणी ओढायची जाळी बुडालेली आहे ना, हे आधी बघते. इंजिनाच्या मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार सुरू झाली म्हणजे पंप चालतोय. ही धार दिसेपर्यंत मी काहीही सोडत नाही. इंजिन सुरूच झालं नाही तर ते इथे कळलेलं बरं, कारण बोट ट्रेलरवर आहे आणि गाडी पुढे घेतली की विषय संपला. बोट सुटल्यावर कळलं तर दोर, वल्ही, वारा आणि मी एकटी. धार नीट आली की इंजिन बंद करून थोडं वर उचलून ठेवते.

यानंतरची दोन-तीन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, आणि तिथे मी मुळीच घाई करत नाही. दोन्ही दोरांची मोकळी टोकं घेऊन जेटीवर जाते. पुढच्या दोराला जेटीवरच्या क्लीटभोवती एक पूर्ण वेढा देऊन गाठ मारते. मध्ये एवढी ढील ठेवते की बोट ट्रेलरवरून पूर्ण मागे सरकेल, पण त्यापलीकडे जाणार नाही. मधला दोर जेटीवर हाताशी येईल असा पसरून, त्याचंही टोक बांधून ठेवते. आता बोट दोन ठिकाणी जेटीला आणि एका ठिकाणी ट्रेलरला बांधलेली आहे. म्हणून मग ट्रेलरचं बंधन सोडता येतं.

आधी साखळी. मग विंच. पट्टा ताणात असेल तर विंचची खिटी, म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारा अडसर, थेट उचलू नये. हँडल घट्ट धरून एक दात आवळायचं, म्हणजे खिटीवरचा भार जातो, आणि मगच ती उचलायची. ताण असताना खिटी सुटली तर हँडल गरगर फिरतं आणि बोटं किंवा मनगट मोडतं. हँडल हातातून न सोडता पट्टा थोडाथोडा ढिला करते. पट्टाच सांगतो बोट कितपत तरंगतेय ते. बोटीचं वजन बंकवर असेल तोवर ती उताराने खाली ओढत राहते आणि पट्टा ताठ असतो. मागचा भाग तरंगला की तो ताण जवळजवळ नाहीसा होतो, पट्ट्याला पोट पडतं. पुढच्या टोकाचं थोडं वजन तेवढं गालिच्यावर उरतं. ट्रेलरच्या दांड्यावर उभं राहून पुढच्या टोकाला तळहात लावायचा आणि धक्का न देता सलग रेटायचं. आधी गालिच्याचा करकर आवाज, मग ती हलते, आणि एकदा हलली की बोट केवढी जड आहे हे विसरायला होतं. ४००-५०० किलोची वस्तू एका हाताने मागे जाते. मला या क्षणाचं आजही तेवढंच अप्रूप वाटतं.

ती सरकत असताना मी जेटीवर येते. धावत नाही, दोर बांधलेला आहे, ती कुठे जाणार नाही. पुढचं टोक बंकच्या बाहेर पडलं की मधला दोर हातात घेऊन सावकाश ओढते. दोर कधीही हाताला किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही. वाऱ्याने बोट ओढली तर हात तिच्याबरोबर जातो. जोर लागत असेल तर दोर क्लीटभोवती फिरवून धरायचा, मग क्लीट ओढ सोसतो आणि आपण फक्त ढील घेत जातो. बोट फेंडरवर टेकली की मधला दोर आखूड बांधते. एवढ्यावर ती शांत उभी राहते. मग पुढचा आखूड करते, मागचा लावते.

जेटी नसेल तिथे पद्धत बदलते. पुढचा लांब दोर विंचच्या खांबाला बांधते, साखळी आणि पट्टा सोडते, गाडी थोडी आणखी मागे घेऊन बोट तरंगवते आणि हळूहळू पुढे येते. ट्रेलर तिच्याखालून निघून येतो आणि बोट त्या दोरावर पाण्यात राहते. मग थांबून, हँडब्रेक लावून, उतरून दोर सोडवते आणि बोट बाजूला उथळ, मऊ तळावर नेऊन नांगर किनाऱ्यावर रोवते. काही जण मागे जाता जाता एकदम ब्रेक दाबून बोट झटक्याने सोडवतात. कोरड्या काँक्रीटवर ते जमतं. ओल्या शेवाळावर चाकं लॉक झाली की गाडीसुद्धा बोटीच्या मागोमाग निघते, म्हणून मी ते करत नाही.

एकटी बाई दोर घेऊन उभी दिसली की मदतीला कोणी ना कोणी येतंच. “ताई, धरू का मी?” असं विचारणाऱ्याला मी नको म्हणत नाही, पण काम नेमकं सांगते: “हा दोर धरा, आणि मी सांगेपर्यंत ओढू नका.” मदत करणाऱ्याला वाटतं ओढलं पाहिजे, आणि पुढचं टोक ओढलं की मागचा भाग शेजारच्या बोटीवर जातो. माझा दोर मात्र क्लीटला बांधलेलाच असतो. त्यांना फोन आला किंवा ते दुसरीकडे बघायला लागले तरी फरक पडू नये.

बोट बांधली की लगेच गाडीकडे जात नाही. आधी फळी उचलून तळात बघते. बूच नीट बसलेलं नसेल किंवा एखादा सांधा गळत असेल तर इथे पाणी चढताना दिसतं, आणि ट्रेलर अजून पाण्यातच असतो. बोट परत त्यावर घेता येते. तळ कोरडा असेल तरच गाडी बाहेर काढते. वर आल्यावर ठोकळे उचलते, ओले ब्रेक दोन-तीनदा दाबून कोरडे करते आणि गाडी लावून येते. परत आल्यावर पुन्हा एकदा तळ बघते.

निघताना इंजिन बंद करणारी लाल दोरी पायाला अडकवते. दोघं असतील तर एक पडला तरी दुसरा बोट वळवू शकतो. एकटं माणूस पडलं आणि इंजिन चालू राहिलं तर बोट निघून जाते, किंवा गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. दोर सोडायचे तेही वाऱ्याचा विचार करून: ज्या दोरावर ताण नाही तो आधी, मधला सगळ्यात शेवटी, आणि तो बोटीत उभं राहून सोडायचा.

परत घेताना हाच क्रम उलटा. ट्रेलर सोडतानापेक्षा जरा कमी खोल ठेवते. फार खोल नेला तर बोट बंकवर तरंगत राहते आणि गाडी वर काढताना वाकडी बसते. इंजिन जोरात चालवून बोट वर चढवत नाही, विंचनेच ओढते. पट्टा लागला की साखळी, मग मधला दोर सोडायचा.

वर मोकळ्या जागेत आल्यावर बूच काढून आतलं सगळं पाणी काढून टाकते, ट्रेलरला आणि पंख्याला अडकलेलं गवत, शेवाळ हाताने ओढून काढते, आणि दुसऱ्या पाण्यात जायच्या आधी बोट पूर्ण वाळू देते. झेब्रा मसल नावाचा नखाएवढा शिंपला मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या भागातला. १९८८ मध्ये तो उत्तर अमेरिकेतल्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला. तिथे तो आला मोठ्या जहाजांतून, पण पुढे आतल्या तळ्यांत त्याला नेलं ते बऱ्याच अंशी ट्रेलरवरच्या छोट्या बोटींनी. खाऱ्या पाण्यातून आले असेन तर ट्रेलर, ब्रेक आणि इंजिन गोड्या पाण्याने धुते. मग मागचे पट्टे, दिव्यांची वायर, इंजिनाचा आधार. थोडं अंतर गेल्यावर गाडी बाजूला घेऊन पट्टे पुन्हा आवळते आणि हबला हात लावून बघते. ओला गालिचा दबतो आणि पट्टे सैल पडलेले असतात.